बेने इस्रायलांचे भारतात पुनरागमन

१९५२ ते १९५४ या काळात, नव्याने स्थापन झालेल्या इस्रायलमध्ये जाऊन राहिलेल्या बेने इस्रायल समाजातील ३३७ व्यक्ती सहकुटुंब भारतात परत आल्या. त्यांना परत पाठविण्याची व्यवस्था ज्यूइश एजन्सी या स्थलांतर घडवून आणणाऱ्या संस्थेनेच केली. त्याआधी या कुटुंबांनी धरणे व उपोषण केले होते. परतलेल्यांपैकी बहुतेकजण काही वर्षांनी पुन्हा इस्रायलला गेले. स्थलांतराच्या इतिहासात ही घटना आकाराने लहान आहे. मात्र परदेशी गेलेल्या माणसाने मायदेशी परतावे की नाही, हा प्रश्न कोणकोणत्या गोष्टींवर अवलंबून असतो, हे तिच्यात विशेष स्पष्टपणे दिसते. येथे ‘मायदेश’ कोणता, हेच मुळात ठरवायचे होते.

पार्श्वभूमी

बेने इस्रायल हा कोकणात, प्रामुख्याने आजच्या रायगड (पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्यात वसलेला मराठीभाषक ज्यू समाज होय. अलिबागजवळ नवगाव येथे जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. तेल गाळणे हा त्यांचा जुना व्यवसाय. शब्बाथ पाळण्यासाठी ते शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहिमकर, चेऊलकर, नवगावकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडलेली आहेत.

एकोणिसाव्या शतकात समाजातील पुष्कळ कुटुंबे मुंबई, पुणे, ठाणे येथे आली आणि लष्कर, रेल्वे, सरकारी कचेऱ्या, शाळा व रुग्णालये यांत नोकरीस लागली. मुंबईतील ‘शार हारहमीम’ हे त्यांचे पहिले सिनेगॉग सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६मध्ये बांधले. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहिमकर यांनी १८७५मध्ये मुंबईत शाळा सुरू केली. हीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. वल्हांडण सणाचा ‘हगादा’ हा ग्रंथ १८४६मध्ये मुंबईत मराठी अनुवादासह छापला गेला. बायबलमधील कथांवर मराठीत कीर्तने करण्याची प्रथाही या समाजात पडली. १९३७मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस याच समाजाचे. स्वातंत्र्याच्या सुमारास समाजाची लोकसंख्या साधारणपणे २० हजार होती.

भारतात ज्यू म्हणून छळ झाल्याची परंपरा या समाजाच्या आठवणीत नाही. पुढील सर्व घटनाक्रम समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

इस्रायलला प्रयाण

१४ मे १९४८ रोजी इस्रायल राष्ट्राची स्थापना झाली. ५ जुलै १९५० रोजी तेथील संसदेने ‘परतीचा कायदा’ संमत केला व जगातील प्रत्येक ज्यू व्यक्तीस इस्रायलमध्ये येऊन राहण्याचा हक्क दिला. १९४८ ते १९५२ या वर्षांत सुमारे २,३०० बेने इस्रायल तेथे गेले. काहींना धर्मभावनेने ओढले होते. ब्रिटिश राजवट संपल्यावर रेल्वे व सरकारी नोकऱ्यांत आपले स्थान पूर्वीसारखे राहील का, ही शंका काहींना होती. शेजारचे किंवा नात्यातले कोणी निघाले म्हणून निघालेलेही होते.

जाण्यासाठी जो शब्द वापरला जाई, त्याचा अर्थ पाहण्यासारखा आहे. हिब्रू भाषेत इस्रायलमध्ये येऊन वसण्याला ‘आलिया’ म्हणजे ‘आरोहण’ म्हणतात आणि तो देश सोडून जाण्याला ‘येरिदा’ म्हणजे ‘अवरोहण’. जाणारा चढतो, परतणारा उतरतो. अशा भाषेत परतीची इच्छा उच्चारणे म्हणजे कमीपणा पत्करणेच होते. कायद्याचे नावही ‘परतीचा’ असल्यामुळे रोह्याहून किंवा भायखळ्याहून प्रथमच इस्रायलला गेलेला मनुष्य कागदोपत्री ‘परतलेला’ ठरत असे. तोच पुढे मुंबईस आला, तर मराठीत त्यालाही ‘परतला’च म्हणावे लागे. समाजातील वडीलधारे या पेचातून मार्ग काढताना भारत ही मातृभूमी आणि इस्रायल ही पितृभूमी असे सांगत. ही मांडणी आजही ऐकू येते.

तेथील परिस्थिती

स्थापनेनंतरच्या साडेतीन वर्षांत इस्रायलमध्ये सुमारे ७ लाख निर्वासित व स्थलांतरित आले आणि देशाची ज्यू लोकसंख्या दुपटीहून अधिक झाली. घरे अपुरी होती. ‘मआबरा’ नावाच्या संक्रमण छावण्यांत तंबू व पत्र्याच्या खोल्यांत लोकांना ठेवावे लागले. १९४९पासून अन्नधान्याचे कडक नियंत्रण सुरू होते. ही हलाखी सर्वांच्याच वाट्यास आली होती, त्यामुळे केवळ तिच्यावरून परतीची मागणी झाली असे म्हणता येत नाही.

बेने इस्रायलांच्या अडचणी मात्र याहून काही अधिक होत्या. मुंबईत कारकुनी किंवा कारागिरी केलेल्या माणसांना तेथे अंगमेहनतीची कामे मिळाली. त्यांची भाषा मराठी. इतर गटांना आपल्या भाषेचे अधिकारी वा शेजारी भेटत, तसे यांना क्वचितच भेटत. भात, मासळी आणि नारळाचे दूध यांवर वाढलेल्या माणसांना शिधापत्रिकेवरचा पाव व कडधान्य यांवर राहावे लागले. (मांस व दूध एकत्र न खाण्याचा धर्मनियम पाळताना कोकणातील ज्यू स्वयंपाकात नारळाच्या दुधाने दुधाची जागा घेतली होती. तेव्हा नारळ नसणे ही केवळ चवीची अडचण नव्हती.) समुद्रकाठच्या पावसाळी मुलखातून आलेल्या अनेकांना दक्षिणेकडील बीरशेबाच्या वाळवंटी भागात वसविण्यात आले.

सर्वांत बोचणारी गोष्ट रंगभेदाची होती. कामाच्या वाटपात आणि वागणुकीत गोऱ्या युरोपीय ज्यूंना झुकते माप मिळते, ही त्यांची मुख्य तक्रार होती. पाव वाटताना पांढरा पाव इतरांना व काळा पाव हिंदी लोकांना, असे बोलून दाखविले जाते, असे गाऱ्हाणे बीरशेबाच्या कुटुंबांनी मांडले. धान्यटंचाईच्या दिवसांत पावाचा रंग ही क्षुल्लक बाब वाटेल, पण निर्णय याच बाबीने पक्का केला असावा. भारतात जातिव्यवस्थेच्या उतरंडीत राहिलेल्या या समाजाला, आपल्याच धर्मबांधवांत आपण खालच्या पायरीवर असू, ही कल्पना नव्हती.

धरणे आणि परतीची मागणी

१९५१च्या अखेरीस बीरशेबा परिसरातील काही बेने इस्रायल कुटुंबांनी तेल अवीव येथे ज्यूइश एजन्सीच्या कचेरीशी धरणे धरले. आम्हाला भारतात परत पाठवा, आणि ज्या संस्थेने आणले तिनेच तो खर्च करावा, अशी त्यांची मागणी होती. गांधीजींच्या देशातून आलेल्यांनी सत्याग्रहाचा मार्ग निवडावा, यात आश्चर्य नाही. बैठा सत्याग्रह व उपोषण ही साधने त्यांनी १९५२मध्येही वापरली.

या मागणीने एजन्सीपुढे अवघड प्रश्न उभा केला. ज्यूंना इस्रायलमध्ये आणणे हेच जिचे कार्य, तिने ज्यूंना तेथून बाहेर न्यावे, हे तिच्या ध्येयाच्या उलट होते. एका गटास पाठविले तर दुसरे मागे लागतील, ही भीतीही होती. तरीही अखेरीस एजन्सी नमली आणि १९५२मध्ये पहिला गट विमानाने मुंबईस आला. पुढील दोन वर्षांत ही संख्या ३३७वर गेली. १९५२पर्यंत गेलेल्यांच्या संख्येशी तुलना केली, तर हे प्रमाण सातांत एक असे पडते. परकीय भूमीत न रमलेल्यांचा हा छोटासा अपवाद होता, असे म्हणून ते सोडून देता येणार नाही.

निर्णय शक्य कशामुळे झाला

याच काळात इराक व येमेन येथूनही मोठ्या संख्येने ज्यू इस्रायलमध्ये आले होते आणि छावण्यांतील त्यांचे हालही कमी नव्हते. परंतु इराक सरकारने मार्च १९५०मध्ये देश सोडणाऱ्या ज्यूंचे नागरिकत्व काढून घेण्याचा कायदा केला आणि पुढील वर्षी त्यांची मालमत्ता गोठविली. सुमारे १ लाख २० हजार इराकी ज्यूंना मागे फिरण्याचा मार्गच उरला नाही. तक्रार त्यांनीही केली, पण ‘आम्हाला परत पाठवा’ या वाक्याला त्यांच्या तोंडी अर्थ नव्हता.

बेने इस्रायलांच्या मागे दार उघडे होते. त्यांना कोणी हाकलले नव्हते; गावात ओळखीचे लोक होते, मुंबईत नातेवाईक होते. म्हणून त्यांची मागणी खरी होती आणि त्याच वेळी ती दबावाचे साधनही होती. जो परत जाऊ शकतो, त्याची तक्रार अधिक ऐकली जाते.

दोन्ही देशांमधील राजकीय संबंध या बाबतीत फारसे उपयोगी नव्हते. भारताने १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्रायलला मान्यता दिली, परंतु तेथे भारताचा दूतावास नव्हता. इस्रायलचे वाणिज्य दूतावास कार्यालय मुंबईत १९५३मध्ये उघडले. पूर्ण राजनैतिक संबंध २९ जानेवारी १९९२ रोजी प्रस्थापित झाले. नागरिकत्वाच्या व्याख्याही याच सुमारास ठरत होत्या. इस्रायलचा नागरिकत्व कायदा १४ जुलै १९५२ रोजी लागू झाला आणि परतीच्या कायद्यान्वये आलेल्यांना त्याने आपोआप नागरिक केले. स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणारा भारताचा नागरिक राहत नाही, हे तत्त्व भारतीय राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदात आले आणि १९५५च्या नागरिकत्व कायद्याने ते पुढे चालविले.

खर्चाची बाब वेगळी. जाताना प्रवासखर्च संस्थेने उचलला होता, परतीचा खर्च कुटुंबाच्या माथी होता. निघताना घरदार मोडलेल्या आणि तिकडे रोजंदारीवर असलेल्या माणसाला सात-आठ माणसांचे विमानभाडे किंवा बोटभाडे जमविणे अशक्यप्राय होते. धरण्याचा रोख एजन्सीकडे का होता, हे यावरून कळते.

परतल्यावर आणि पुन्हा जाताना

परतलेल्यांपैकी बहुतेक काही वर्षांत इस्रायलला पुन्हा गेले, ही या इतिहासातील सर्वांत विचारात पाडणारी गोष्ट आहे. वरवर पाहता ती धरसोड वाटते. कुटुंबागणिक कारणे निराळी असणारच. तथापि समाजाच्या रचनेतच एक मोठे कारण दडलेले आहे.

ज्यू धर्मातील सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष उपस्थित असावे लागतात. या गणसंख्येस ‘मिन्यान’ म्हणतात. पेण, रेवदंडा, पनवेल, अलिबाग अशा ठिकाणी ज्यू घरे मोजकीच असत. तेथील चार-पाच घरे उठली की मिन्यान भरेनासे होई. मिन्यान भरेना म्हणून उरलेलीही उठत. धर्मनियमानुसार कापलेले मांस, मुलांची सुंता करणारा माणूस, प्रार्थना चालविणारा हझान आणि मुख्य म्हणजे मुलामुलींची स्थळे यांबाबतही हेच घडे. एकेका घराचा निर्णय असा शेजारच्या घराच्या निर्णयाशी बांधलेला होता. व्यक्ती परत आली, तरी ज्या समाजात ती परतू पाहत होती, तो तोवर पातळ होत चालला होता. पन्नास व साठच्या दशकांत भारतातून इस्रायलकडे जाणाऱ्यांचा ओघ सुरूच राहिला. परतलेल्याला मुंबईत जुनी नोकरी नव्हती आणि सोडलेली खोली दुसऱ्याने घेतलेली असे. आपल्या माणसांच्या जवळ राहण्यासाठी तो आला, तर ती माणसेच तिकडे निघालेली.

शिवाय दोन्ही दारे सारखी नव्हती. इस्रायलचा परतीचा कायदा ज्यू व्यक्तीला पुन्हा येण्यासही मोकळीक देतो. एकदा सोडून गेल्याने तो हक्क संपत नाही. पहिला कटू अनुभव घेऊन आलेल्यास दुसऱ्यांदा जाताना निदान हिब्रू थोडी येत होती आणि काय वाढून ठेवले आहे, याची कल्पना होती.

एका निराळ्या परतीचा उल्लेख येथे अप्रस्तुत ठरू नये. बेने इस्रायल कुटुंबात जन्मलेले इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल (१९२४–२००४) १९४८मध्ये लंडनला गेले आणि १९५२मध्येच, मालवाहू जहाजावर काम करीत, भारतात परत आले. ते कायमचे मुंबईत राहिले. समाज एकच, वर्षही एकच. पण इझिकेल यांच्या निर्णयास मिन्यानची, स्थळांची किंवा धर्मपीठाची अट नव्हती. एकट्या माणसाचे परतणे आणि कुटुंबाचे परतणे यांत हे अंतर नेहमीच असते.

विवाहाचा वाद (१९६२–१९६४)

स्थिरावलेल्या बेने इस्रायलांपुढे दहा वर्षांनी निराळे संकट आले. इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह व घटस्फोट १९५३च्या कायद्याने धार्मिक न्यायालयांच्या अखत्यारीत आहेत. शतकानुशतके इतर ज्यूंपासून दूर राहिलेल्या या समाजात घटस्फोट व पुनर्विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील का, अशी शंका काही धर्मगुरूंनी काढली. १९६२मध्ये मुख्य धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना दिली की, बेने इस्रायल वर किंवा वधू असल्यास मातृवंशाची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी.

ही सूचना फक्त याच समाजाला उद्देशून होती, आणि तिने मनावर झालेला आघात पावाच्या रंगाहून खोल होता. १९६४मध्ये जेरुसलेममध्ये मोठे आंदोलन झाले. त्याची मागणी बरोबरीच्या मान्यतेची होती. यापूर्वी ‘आम्हाला जाऊ द्या’ म्हणणारा समाज आता ‘आम्ही येथलेच आहोत, हे मान्य करा’ असे म्हणू लागला होता. ऑगस्ट १९६४मध्ये संसदेच्या विशेष बैठकीत बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू असल्याचे सरकारने स्पष्ट केले आणि त्यानंतर धर्मपीठाने सूचनेतील समाजाचा नामनिर्देश वगळला.

साहित्यातील पडसाद

जावे की राहावे, हा प्रश्न या समाजातील लेखिकांनी कादंबरीतून हाताळला आहे. मीरा महादेवन यांची हिंदी कादंबरी ‘अपना घर’ इस्रायलला जाण्याच्या प्रश्नाने विभागलेल्या कुटुंबावर आधारित आहे. ‘मोबाइल क्रेशेस’ ही बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी काम करणारी संस्था याच लेखिकेने १९६९मध्ये स्थापन केली. एस्थर डेव्हिड यांच्या ‘द बुक ऑफ रेचेल’ या इंग्रजी कादंबरीतील वृद्ध नायिका, मुले इस्रायलमध्ये असताना, कोकणातील गावच्या सिनेगॉगची राखण करीत एकटी मागे राहते. या कादंबरीस २०१०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

सद्यःस्थिती

भारताच्या २००१च्या जनगणनेत ज्यूंची संख्या ४,६५० होती. इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे ज्यू सुमारे ८५ हजार आहेत, असे भारताच्या परराष्ट्र विभागाकडून सांगितले जाते. त्यांत बेने इस्रायल बहुसंख्य आहेत. अश्दोद, लोद, रामला, बीरशेबा, दिमोना येथे त्यांची वस्ती एकवटलेली आहे. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तेथून निघत आले आहे. जुन्या पिढीत मराठी बोलली जाते, नातवंडे हिब्रूत उत्तर देतात.

कायमच्या परतीचा विचार करणाऱ्यासाठी कायद्याची चौकट आज बदललेली आहे. इस्रायल दुहेरी नागरिकत्व मान्य करतो, भारत करीत नाही. २००५पासून भारताने ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ (ओसीआय) ही नोंदणी सुरू केली. २६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर भारताचे नागरिक असलेल्यांना अथवा त्या दिवशी तसे होण्यास पात्र असलेल्यांना, तसेच त्यांच्या मुलांना, नातवंडांना व पणतवंडांना ती मिळू शकते. तिच्या आधारे भारतात कितीही काळ राहता येते. मतदानाचा हक्क मात्र मिळत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. कोकणातील मूळ गावी चार गुंठे शेत घेऊन राहू इच्छिणाऱ्यास हा अडसर मोठा आहे. वारसाहक्काने आलेली जमीन ठेवण्यास मनाई नाही. महाराष्ट्र शासनाने २०१६मध्ये ज्यू समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला.

प्रत्यक्षात पुनरागमनाचे प्रचलित रूप म्हणजे भेट. इस्रायलहून येणारी कुटुंबे नवगावच्या जुन्या दफनभूमीस जातात आणि अलिबाग तालुक्यातील खंडाळे येथे, प्रेषित एलिया जेथे प्रकट झाला असे समाज मानतो त्या खडकापाशी, ‘मलिदा’ करतात. पोहे, ओले खोबरे, साखर व फळे यांचा हा प्रसाद भारतातील इतर ज्यूंच्या रूढींत आढळत नाही. आता तो इस्रायलमधील घरांतूनही केला जातो.